नाडी घोडीची की औषधाची? इंदूरमधल्या एका पोटशूळाचं प्रकरण

वरातीहून परतलेल्या घोडीचं रात्री पोट दुखायला लागलं आणि पुढच्या दोन तासांच्या आत तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ८४ वरून २६ वर आले. हे दोन्ही आकडे घाबरवणारे होते, आणि दोन्हींच्या मागे आजारापेक्षा औषधाचा हात मोठा होता. मी या प्रकरणात दुसरं मत द्यायला गेलेला डॉक्टर. मालकाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि घड्याळातल्या वेळा बदललेल्या नाहीत, कारण सगळं प्रकरण त्या वेळांवरच उभं आहे.

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या वस्तीतलं मराठी कुटुंब. होळकरांच्या पागेत आपल्या पणजोबांची नोकरी होती असं घरातले सांगतात. आता दारात चार घोड्या आहेत आणि त्यांच्या वरातीच्या सुपाऱ्यांवर घर चालतं. देवउठनी एकादशी झाली की या घोड्यांना उसंत नसते. संध्याकाळी सहाला सजवून निघालेली घोडी अकराच्या आसपास ठाणावर येते. मधल्या वेळात डीजे, फटाके, डांबर आणि नवरदेव. पाणी मात्र नाही. माळव्यात डिसेंबरची रात्र गार असते, हौदातलं पाणी त्याहून गार, आणि थकलेली घोडी त्याला तोंड लावून बाजूला होते. वर तोबऱ्यात कोरडा भुसा आणि हरभऱ्याची चुनी. मोठं आतडं डाव्या बाजूला जिथे वळून अरुंद होतं तिथे असं सुकं खाद्य साठत जातं. थंडीत इकडे दिसणाऱ्या पोटशूळांत हा प्रकार नेहमीचा.

ही घोडी ९ वर्षांची, पांढरी, अंगानं सडसडीत. छातीचा घेर १५८ सेंटीमीटर, लांबी १६०. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० हा हिशोब केला की वजन ३३६ किलो येतं. हा हिशोब फितीनं आधी करून ठेवलेला होता, त्याचा रात्री फार उपयोग झाला. अंदाजानं "साडेचारशे धरा" म्हणणारे मालक खूप असतात.

अडचण

घोडी परतल्यावर पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली, कुशीकडे वळून बघायला लागली, एकदा बसून उठली. मोतद्दारानं, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्यानं, ओळखीच्या एका इंजेक्शन देणाऱ्याला बोलावलं. त्यानं ११.१० च्या सुमारास मानेच्या शिरेत काहीतरी दिलं आणि तो निघून गेला. ११.३० ला एक तरुण डॉक्टर पोहोचली. तिला प्रॅक्टिस सुरू करून फार काळ झालेला नव्हता, पण हात चांगला आहे. तिला आढळलं ते असं: ठोके ८४, पोटाच्या चारही भागांत आवाज जवळजवळ नाही, ताप नाही, हिरड्या गुलाबी आणि ओलसर, बोटानं दाबल्यावर दोन सेकंदांत रंग परत. घोडी मात्र शांत उभी.

निरोगी घोड्याचे ठोके विश्रांतीत २८ ते ४४ असतात. पोटशूळात हा आकडा आम्ही सगळे जपमाळेसारखा मोजत बसतो. साठच्या वर जाऊन तो तिथेच राहिला तर काळजी, ऐंशीच्या वर आणि आतडी गप्प असतील तर पीळ पडल्याची शंका. पुस्तकाप्रमाणे तिनं पीळ धरला, गाडी मागवायला सांगितली आणि मला फोन केला.

"सर, चौऱ्याऐंशी आहेत आणि पोट पूर्ण शांत आहे. महूला हलवते."

"आधी कुणी काय दिलं?"

"काका म्हणतात पोटदुखीचं इंजेक्शन दिलं. नाव माहीत नाही."

"नाव शोध. मग हलव."

मी पोहोचेपर्यंत मोतद्दाराच्या पोरानं लीद टाकायच्या पाटीतून फोडलेल्या कुपी वेचून आणल्या होत्या. माणसांच्या औषध दुकानात मिळणाऱ्या, एक मिलीच्या, २० मिलिग्रॅम हायोसिन ब्युटाइलब्रोमाइडच्या. पाच. म्हणजे १०० मिलिग्रॅम. घोड्याची मात्रा किलोला ०.३ मिलिग्रॅम, आणि ३३६ किलोला ती १०० च येते. देणाऱ्यानं मात्रा बरोबर दिली होती. चुकलं ते एवढंच की दिल्याचं कुणाला सांगितलं नाही.

हायोसिन आतड्याची उबळ सोडवतं, त्यासाठीच ते देतात. पण ते ज्या नसेचा आतड्यावरचा अंमल थांबवतं तीच व्हेगस नस हृदयाचा लगाम धरून असते, आणि घोड्यात हा लगाम फार घट्ट असतो. लगाम सुटला की ठोके भराभर चढतात. साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ, घोड्याच्या ठोक्यांवरून त्याच्या दुखण्याचा अंदाज बांधता येत नाही. घोड्यांसाठीच्या या औषधाच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असतं. पोटातले आवाजही त्याच काळात बंद पडतात. वाढलेले ठोके आणि गप्प आतडी ही पीळ पडल्याची जोडी इंजेक्शननं जशीच्या तशी तयार करून दिली होती.

मात्र औषधानं ठोके चढतात म्हणून आत पीळ नाहीच, असं सिद्ध होत नाही. आधीचे ठोके कुणी मोजले नव्हते. ८४ मधले किती औषधाचे आणि किती घोडीचे, हे त्या क्षणी कुणालाच सांगता आलं नसतं.

पर्याय

पावणेबाराला आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, लगेच गाडीत चढवून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे न्यायचं. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, पिकअप दाराशी. पीळ असेल तर शस्त्रक्रिया लागली असती आणि यात वेळ वाचत होता. नसेल तर अरुंद पिकअपमध्ये, रात्री, चढ-उतारात थकलेली घोडी पडण्याची भीती, आणि निघण्याचा निर्णयही त्याच फसव्या आकड्यावर झाला असता.

दुसरी, झायलाझिन देऊन घोडी शांत करायची आणि मग हलवायचं. ही सगळ्यात सोयीची दिसते आणि सगळ्यात वाईट होती. झायलाझिन रक्तवाहिन्या आवळून सुरुवातीला रक्तदाब चढवतं. एरवी शरीर ठोके कमी करून तो दाब सांभाळतं. हायोसिननं तो लगामच सोडलेला असताना झायलाझिन दिलं तर ठोकेही चढलेले आणि दाबही चढलेला, असा भार हृदयावर पडतो. शिवाय झोकांड्या खाणारी घोडी फळीवरून कोण चढवणार?

तिसरी, हायोसिनचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं, पण नुसतं उभं राहून नाही. ठोक्यांवर अवलंबून नसलेलं जे जे तपासता येतं ते सगळं या वेळात तपासायचं.

आम्ही तिसरी घेतली, गाडी दारातच ठेवून. थांबायचं केव्हा मोडायचं हेही तेव्हाच ठरवलं: नाकातून पोटात घातलेल्या नळीतून दोन लिटरपेक्षा जास्त पाणी उलटं आलं, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट झाल्या, दाबलेला रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, हाताला फुगलेली आतडी लागली, किंवा दुखणं आवरेनासं झालं, यातलं एकही झालं तर चर्चा न करता निघायचं. हे बोलून ठरवलं नसतं तर मालकांच्या "डॉक्टरसाहेब, नेऊ का?" ला दर पाच मिनिटांनी वेगळं उत्तर मिळालं असतं.

काय केलं

आधी नाकातून पोटात नळी. घोड्याला उलटी करता येत नाही, जठर भरत राहिलं तर फुटतं, त्यामुळे ही पायरी कशाहीसाठी थांबत नाही. नळीतून काही आलं नाही, थोडा वायू आणि आंबूस वास. मग हात घालून तपासणी. हायोसिनमुळे गुदाशय सैल होतं आणि ही तपासणी सोपी जाते. डाव्या बाजूला, ओटीपोटाच्या कडेशी, मळलेल्या कणकेइतका मऊ-घट्ट गोळा. बोट दाबलं की खळगा राहत होता. फुगलेलं लहान आतडं हाताला लागलं नाही. वळणात खाद्य अडकलंय, याला आता ठोक्यांचा आधार लागत नव्हता.

१२.१५ ला ठोके ५२. उजव्या कुशीत एक लांब गुरगुर. तरुण डॉक्टरनं स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला, काही न बोलता. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक किलोला १.१ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. निदान हाती आल्यावरच ते दिलं, कारण ते दुखणं कित्येक तास झाकून ठेवू शकतं.

१२.४० ला घोडी पुन्हा उकरायला लागली, बसायला बघू लागली. आता झायलाझिनची वेळ होती: हायोसिन उतरलेलं, दुखणं खरं, आणि औषधाचा अंमल छोटा. किलोला ०.३, म्हणजे १०० मिलिग्रॅम. इथे एक बाजूची गोष्ट. बाजारात झायलाझिन मिलीला २० मिलिग्रॅमचं मिळतं आणि १०० चंही. आपल्या मात्रेला पहिलं पाच मिली लागतं, दुसरं एक. हाताला लागलेल्या बाटलीतून सवयीनं पाच मिली ओढलं आणि ती १०० ची निघाली, तर किलोला दीड मिलिग्रॅम जातं, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे. बाटली टॉर्चखाली धरून दोघांनी आकडा मोठ्यानं वाचला. आमच्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींवर घडलेले. गाईला झायलाझिन घोड्याच्या एक-दशांशात पुरतं, त्यामुळे हाताला दुसरीच सवय असते.

ॲट्रोपिनचा प्रश्न

तीन-चार मिनिटांत घोडीची मान खाली गेली, खालचा ओठ लोंबला. ठोके २६, आणि तेही सरळ नाहीत. तीन ठोके, मग रिकामी जागा; पुन्हा तीन, पुन्हा रिकामी जागा. ती जागा ऐकताना आपलाच श्वास अडकतो. हिरड्या मघापेक्षा फिकट. तरुण डॉक्टरनं ॲट्रोपिन भरून घेतलं. कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी ते प्रत्येक पशुवैद्याच्या पिशवीत असतंच, आणि ठोके कमी झाले की ॲट्रोपिन, हे आपण सगळे शिकतो.

मी तिला आधी चार गोष्टी बघायला सांगितल्या.

जबड्याखालची नाडी: भरीव, ठळक. हृदय थकलेलं असेल तर ती अशी लागत नाही. हिरड्यांचा फिकटपणा रक्तवाहिन्या आवळल्याचाही असतो आणि झायलाझिननंतर पहिल्या काही मिनिटांत तो अपेक्षितच आहे.

लय: अनियमित, पण तिच्या अनियमितपणाला नियम होता. रिकामी जागा ठरावीक ठोक्यांनंतरच येत होती. वरच्या कप्प्यांची नुसती थरथर सुरू असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर असा नियम सापडत नाही.

रिकाम्या जागेतला आवाज: डाव्या कोपराच्या मागे, जरा वर, स्टेथोस्कोप घट्ट दाबून ऐकलं तर त्या शांततेत एक बारीक, एकटा "डब" येत होता. वरचा कप्पा आकुंचन पावल्याचा तो आवाज. वरून हुकूम निघतोय, मधल्या चौकीवर तो अडतोय, खालचा कप्पा तेवढा एक ठोका गाळतोय. याला दुसऱ्या पायरीचा एव्ही ब्लॉक म्हणतात.

आणि ईसीजी: मोबाइलला जोडायची छोटी पट्टी, छातीचे केस स्पिरिटनं ओले करून डावीकडे धरली. पडद्यावर पी लहर, म्हणजे वरच्या कप्प्याची खूण, ठरल्या वेळी येत होती आणि दर चौथ्या वेळी तिच्यामागचा मोठा काटा, म्हणजे खालच्या कप्प्याचा ठोका, नव्हता. ऐकलं होतं तेच दिसलं.

आता ॲट्रोपिन का नको? एक, ठोके उतरण्याचा बराचसा भाग चढलेल्या दाबाला शरीरानं दिलेलं उत्तर आहे. तो जबरदस्तीनं उलटवला की चढलेल्या दाबाविरुद्ध हृदय पळायला लागतं. दोन, आणि इथे हे जास्त महत्त्वाचं, ॲट्रोपिन घोड्याची आतडी तासन् तास बंद पाडतं. ज्या घोडीच्या आतड्यात गोळा अडकलाय तिच्या आतड्याला कुलूप लावायचं, तेही अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरणाऱ्या परिणामासाठी? तीन, घोडी चार पायांवर उभी होती.

नाडी मऊ पडली असती, रिकाम्या जागा लांबत गेल्या असत्या, घोडी डगमगून पडायला आली असती, तर हे उत्तर बदललं असतं. तेव्हा पहिली पसंती झायलाझिनचा अंमल उलटवणाऱ्या औषधाला, म्हणजे योहिम्बिन किंवा अटिपामेझोलला. ते पिशवीत नव्हतं, आणि ही त्या रात्रीची खरी उणीव. ॲट्रोपिन भरलेली सिरिंज टोपण लावून, नाव लिहून, खिडकीत ठेवली. ती तशीच राहिली. एकजण जबड्याखाली बोट ठेवून उभा, दुसरा घड्याळ बघतोय, असं चाललं. १.०५ ला ठोके ३६, रिकाम्या जागा गेल्या.

मालकांना हायसं वाटलं. "छत्तीस म्हणजे नॉर्मल ना, डॉक्टरसाहेब?"

नव्हतं. ८४ वर जसा विश्वास ठेवायचा नव्हता तसा ३६ वरही नाही. झायलाझिनच्या अंमलाखाली गंभीर पोटशूळाची घोडीही थोडा वेळ सभ्य आकडा दाखवते, आणि वेदना शमल्यामुळे उभीही राहते. याच वेळी डॉक्टर घरी जातो आणि पहाटे फोन येतो. आम्ही थांबलो. १.४० ला ठोके ४४, घोडी डोळे उघडून आजूबाजूला बघतेय, उकरणं नाही. त्या रात्रीचा पहिला विश्वासार्ह आकडा हाच.

मधे मालकांनी आणखी एक विचारलं होतं. तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याखाली, घासून घोडीला जखम झालेली होती, "आलाच आहात तर सल्फाचं इंजेक्शन शिरेतून देऊन टाका." ट्रायमेथोप्रिम आणि सल्फाची जोडी शिरेतून देणं त्या घडीला धोक्याचं होतं. झायलाझिनच्याच घराण्यातल्या डेटोमिडिननं गुंगी दिलेल्या घोड्यांत या जोडीमुळे हृदयाची लय जीवघेणी बिघडल्याचं नोंदलेलं आहे आणि माहितीपत्रकात तशी स्पष्ट मनाई आहे. झायलाझिनला वेगळा नियम लावून बघायची जागा ही नव्हे. जखम मिठाच्या पाण्यानं धुतली, प्रतिजैविकाचा विषय सकाळवर ढकलला. सकाळी बघितलं तर त्याची गरजही नव्हती.

निकाल

दोननंतर नळीनं कोमट पाण्याचे सहा लिटर, क्षार घालून. नंतर पुन्हा नळी घालून आधीचं पाणी पुढे सरकल्याची खात्री केली, मगच दुसऱ्यांदा पाणी आणि लिक्विड पॅराफिन. नळी जठरातच असल्याची खात्री इथे दोनदा करायची; पॅराफिन फुप्फुसात गेलं तर बाकी सगळं सांभाळलेलं वाया जातं. पहाटे ठोके ४०. उजाडताना घोडीनं कोरड्या, कफाचं आवरण असलेल्या चार-पाच गोळ्या टाकल्या, दुपारपर्यंत तेलकट, सैल लीद. पिकअपवाल्याला उभं राहण्याचे पैसे मिळाले.

दहा-बारा दिवसांनी, कुठलंही औषध अंगात नसताना, सकाळी ठाणावरच ईसीजी काढला. ठोके ३२ आणि सात-आठ ठोक्यांमागे एक गाळलेला. अंगणात दोन फेऱ्या मारल्यावर तो नाहीसा झाला. कसलेल्या, शांत घोड्यांत विश्रांतीच्या वेळी असा ब्लॉक सर्रास सापडतो आणि चालवल्यावर जात असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. म्हणजे त्या रात्रीच्या रिकाम्या जागांपैकी काही घोडीच्या स्वतःच्याच होत्या. झायलाझिननं त्या दाट केल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सुधारण्यासारखं पहिलं काम डॉक्टरच्या हातातलं नाही. इंजेक्शन देणाऱ्यानं सुई टोचण्याआधी पंधरा सेकंद ठोके मोजले असते आणि औषध, मात्रा, वेळ खडूनं ठाणाच्या भिंतीवर लिहिली असती, तर पहिला पाऊण तास निर्धास्त गेला असता. आता त्या घरात भिंतीला पाटी टांगली आहे. असा माणूस बोलवायचाच नाही, हा सल्ला मी दिला नाही. रात्री अकराला तोच येतो. तो लिहीत असेल तर निभतं.

दुसरं, चारही घोड्यांचा औषधाविना ईसीजी किंवा निदान शांत वेळी ऐकलेल्या लयीची नोंद आधीपासून असती, तर २६ आणि रिकाम्या जागा बघून सिरिंज भरायची घाई कमी झाली असती. लग्नसराईच्या आधी नाल ठोकायला सगळ्या घोड्या एका जागी येतात, त्या दिवशी हे होऊ शकतं.

तिसरं, झायलाझिन ठेवणाऱ्यानं त्याचं उलट औषधही ठेवावं. मिळवायला त्रास होतो हे मान्य.

एका मुद्द्यावर तरुण डॉक्टरचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ती म्हणते, पावणेबाराला घोडी झायलाझिनशिवाय, शांत असतानाच गाडीत चढवायला हवी होती. हायोसिनचा अर्धा तास प्रवासात गेला असता आणि पीळ निघाला असता तर आपण शस्त्रक्रियेच्या दाराशी असतो. नळी आणि हाताची तपासणी निघण्याआधी दहा मिनिटांत होते, हेही तिचं खरं. माझं म्हणणं, हाताला गोळा लागला, लहान आतडं मोकळं होतं, नळी कोरडी होती आणि हिरड्या चांगल्या होत्या. एवढं बाजूनं असताना थकलेल्या घोडीला पिकअपमध्ये घालण्याचा धोका थांबण्याच्या धोक्याहून मोठा होता. हाताला गोळा लागला नसता, तर मीही तिच्याच बाजूनं असतो.